इंग्रजी बिघडलेली नाही, ती अशीच घडली आहे

२६ डिसेंबर १७८९ रोजी बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना फिलाडेल्फियाहून एक पत्र लिहिले. फ्रँकलिन तेव्हा ८३ वर्षांचे होते, आजाराने थकले होते. पुढच्या चार महिन्यांतच ते गेले. अशा अवस्थेतही एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. ते फ्रान्समध्ये असताना इकडे अमेरिकेत लोकांनी ‘नोटिस’ या नामाचे क्रियापद करून टाकले होते. ‘अ‍ॅडव्होकेट’ म्हणजे वकील, पण एखाद्या मताची बाजू मांडणे या अर्थी त्याचेही क्रियापद रूढ होऊ लागले होते. ‘प्रोग्रेस’चे क्रियापद तर त्यांना तिघांत सर्वांत किळसवाणे वाटले. वेब्स्टर यांचेही मत असेच असेल तर त्यांनी आपले वजन खर्चून हे प्रयोग मोडून काढावेत, अशी त्यांची विनंती होती. वेब्स्टर यांचा मोठा कोश १८२८ मध्ये निघाला. तिन्ही क्रियापदे त्यात आहेत.

‘आय नोटिस्ड इट’ म्हणणाऱ्याला आज कोणी टोकत नाही. फ्रँकलिन यांच्यासारखा कसलेला लेखक ज्या शब्दांवर एवढा चिडला, ते आज शाळकरी मुलांच्या निबंधांत असतात. तक्रार मात्र संपली नाही, तिच्यातले शब्द तेवढे बदलत गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती ‘कॉन्टॅक्ट’बद्दल होती, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या दिवसांत ‘मेडल’बद्दल होती, आणि आता ‘इम्पॅक्ट’, ‘गिफ्ट’, ‘अ‍ॅक्सेस’ आणि ‘फ्रेंड’ यांच्याबद्दल आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या वर्तमानपत्रांतला हा सूर आपल्याकडेही घुमतो. इंग्रजीवर मनापासून प्रेम करणारे कित्येक शिक्षक आणि लेखक सांगतात की कंपन्यांच्या बैठकांनी आणि इंटरनेटने इंग्रजीची वाट लावली. नाम कोणते नि क्रियापद कोणते याचा काही धरबंध उरला नाही. त्यांच्या म्हणण्यात आरोप तीन आहेत. हा प्रकार नवा आहे, तो व्याकरणाला सोडून आहे आणि त्यामुळे अर्थाचा गोंधळ होतो. यांतला एकही आरोप टिकणारा नाही.

नवेपणाचा आरोप आधी घेऊ, कारण तो सर्वांत लवकर कोसळतो. ‘इम्पॅक्ट’चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. मूळ नामाला ओढूनताणून क्रियापद केले म्हणून ज्या शब्दावर सर्वाधिक टीका होते, तो मुळात क्रियापद म्हणूनच इंग्रजीत आला. घट्ट दाबून बसवणे या अर्थी तो १६०१ मध्ये छापलेला सापडतो; नाम म्हणून त्याची पहिली नोंद १७८१ ची, म्हणजे १८० वर्षांनंतरची आहे. ‘परिणाम करणे’ हा आजचा अर्थ विसाव्या शतकातला आहे हे खरे, पण मग तक्रार अर्थाबद्दल करावी, व्याकरणाबद्दल नव्हे. ‘फ्रेंड’ हे क्रियापद फेसबुकने जन्माला घातले असे मानणाऱ्यांनी तेराव्या शतकातली इंग्रजी पाहावी. तिथे ते आहे. ‘गिफ्ट’ क्रियापदाला भारतीय इंग्रजीचा दोष समजून हसणारे पुष्कळ आहेत, पण सतराव्या शतकापासून स्कॉटलंडच्या लिखाणात ते सापडते. न सांगता संबंध तोडण्याला आजची पिढी ‘घोस्ट केलं’ म्हणते. भुताचे हे क्रियापद शेक्सपिअरने ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकात वापरले आहे. अर्थ वेगळा, पछाडण्याचा, पण बांधणी तीच. आणि फ्रँकलिन यांना न सोसलेले ‘प्रोग्रेस’ हे क्रियापदही शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मध्ये आहे.

एखादा शब्द किती झपाट्याने ही वाट चालतो, याचे ठसठशीत उदाहरण आपल्या इतिहासाला चिकटलेले आहे. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. मजूर मिळेनात, दुकानदार माल देईनात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याचे आडनाव लंडनच्या वर्तमानपत्रांत क्रियापद म्हणून छापले जात होते. पंचवीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरच्या बॉयकॉटचा ठराव झाला आणि टिळकांच्या चतु:सूत्रीत तो बहिष्कार म्हणून आला. आधी आडनाव, मग क्रियापद, मग पुन्हा नाम. या सगळ्यात कोणाला व्याकरणाची परवानगी मागावी लागली नाही.

ती का लागली नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हजार वर्षे मागे जाते. त्या काळच्या इंग्रजीत नाम आणि क्रियापद यांचे शेवट वेगळे होते. प्रेम या नामाचा उच्चार साधारण ‘लुवु’, प्रेम करणे ‘लुवियन’. पिणे ‘ड्रिंकन’, पेय ‘ड्रिंक’. उत्तर ‘अँडस्वारु’, उत्तर देणे ‘अँडस्वारियन’. शब्द कोणत्या वर्गातला हे त्याची शेपटीच सांगत असे. पुढे उत्तरेकडून आलेल्या वायकिंग लोकांशी सरमिसळ झाली, १०६६ नंतर राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, शब्दांच्या अखेरचे आघातहीन स्वर पुसट होत गेले, आणि दोन-तीनशे वर्षांत या शेपट्या जवळजवळ सगळ्या गळून पडल्या. उरले ते नुसते ‘लव्ह’, ‘ड्रिंक’, ‘आन्सर’. नामही तेच नि क्रियापदही तेच. फ्रेंचमधून आलेले ‘चेंज’, ‘क्राय’, ‘चार्ज’ हेही त्याच रांगेत येऊन बसले. तेव्हापासून नवे नाम क्रियापदाच्या कामाला जुंपायचे तर इंग्रजी बोलणाऱ्याला काहीच जोडावे लागत नाही. हेन्री स्वीट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या व्याकरणात या प्रक्रियेला ‘कन्व्हर्जन’ म्हटले. तिचे मूळ इंग्रजीच्या इतिहासात एवढे खोल आहे. आळशी बोलणाऱ्यांच्या माथी ते मारता येणार नाही.

गळालेल्या शेपट्यांच्या खुणा अजून कानाने टिपता येतात. घर या अर्थाच्या ‘हाउस’चा शेवट ‘स’ने होतो. कोणाला घरात ठेवणे, आसरा देणे या अर्थी तोच शब्द क्रियापद झाला की उच्चार ‘हाउझ’ होतो. स्पेलिंग अक्षरश: सारखे. असे का? जुन्या क्रियापदाला शेवटी स्वर होता, दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘स’ मऊ होऊन ‘झ’ झाला, पुढे स्वर गेला पण ‘झ’ राहिला. ‘यूस’ आणि ‘यूझ’, ‘एक्स्क्यूस’ आणि ‘एक्स्क्यूझ’, ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ या जोड्या त्याच नमुन्यावर चालतात. शाळेत या अपवाद म्हणून घोकून घेतल्या जातात. त्यांच्यामागची गोष्ट सांगितली तर घोकायची गरजच पडणार नाही.

इंग्रजी क्रियापदाची ठेवणही या प्रवासाला सोयीची आहे. ‘वॉक’ची रूपे चार: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. ‘राइट’ची पाच. ‘पुट’ची तर तीनच, कारण त्याचा भूतकाळही ‘पुट’. सगळ्यांत खटपटीचे ‘बी’, त्याचीही आठ. भविष्यकाळासाठी क्रियापदाला वेगळा प्रत्यय नाही, लिंगाचा प्रश्न नाही. मराठीतल्या ‘बसणे’ची रूपे काळ, अर्थ, लिंग, वचन आणि पुरुष यांप्रमाणे लिहून काढली तर पान भरेल. ज्या भाषेत क्रियापद व्हायला तीन-चार रूपे पुरतात, तिथे नामांना ते दार सताड उघडे असणारच. स्टीव्हन पिंकर यांनी ‘द लँग्वेज इन्स्टिंक्ट’ या १९९४ च्या पुस्तकात अंदाज दिला आहे की इंग्रजी क्रियापदांपैकी सुमारे पाचवा हिस्सा मुळात नामे होती. ती सगळी ‘भ्रष्ट’ म्हणून वगळली तर इंग्रजीत साधे जेवणाचे टेबलही मांडता येणार नाही.

दार उघडे आहे म्हणजे आत अनागोंदी आहे असे नाही, आणि इथेच शुद्धतावाद्यांचा दुसरा आरोप मोडतो. ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९७९ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात नामांपासून झालेल्या १३०० हून अधिक क्रियापदांची छाननी केली. त्यांच्या हाती लागलेले नियम सुंदर आहेत. हिवाळा कुठे तरी घालवणे याला इंग्रजीत ‘विंटर’ हेच क्रियापद चालते, उन्हाळ्यालाही ‘समर’ चालते. पण वसंतासाठी ‘स्प्रिंग’ आणि अमेरिकन शरदासाठी ‘फॉल’ ही क्रियापदे कोणी तशी वापरत नाही, कारण त्या जागा आधीच भरलेल्या आहेत: एकीत उडी मारणे, दुसरीत पडणे. सायकलने जाणे ‘बायसिकल’ होते, पण मोटारीने जाणे ‘कार’ होत नाही, कारण त्या कामाला ‘ड्राइव्ह’ आहे. हे नियम कोणी शाळेत शिकवलेले नाहीत, तरी न्यूयॉर्कचा टॅक्सीवालाही ते मोडत नाही.

भूतकाळाची गोष्ट आणखी बोलकी आहे. घंटा वाजवण्याच्या ‘रिंग’चा भूतकाळ ‘रँग’. पण कडे या अर्थाच्या नामापासून झालेले ‘रिंग’, म्हणजे वेढा घालणे, याचा भूतकाळ ‘रिंग्ड’. पोलिसांनी इमारतीला वेढा घातला असे सांगताना कोणताही इंग्रज ‘रँग’ म्हणणार नाही. उडण्याच्या ‘फ्लाय’चा भूतकाळ ‘फ्ल्यू’ आहे, पण बेसबॉलमध्ये उंच उडवलेल्या चेंडूला ‘फ्लाय’ म्हणतात, आणि त्या नामापासून झालेल्या, तसा झेल जाऊन बाद होण्याच्या क्रियापदाचा भूतकाळ समालोचक ‘फ्लाइड’ असा करतात. जे क्रियापद नामाच्या पोटातून आले, ते अनियमित रूप घेत नाही. बोलणाऱ्याला हा नियम सांगता येणार नाही, पण शब्दाचे मूळ कुठले हे त्याच्या जिभेला ठाऊक असते. ज्यांना इथे व्याकरणाचा अभाव दिसतो, त्यांनी व्याकरण म्हणजे फक्त प्रत्यय अशी समजूत करून घेतली आहे.

अर्थाचा गोंधळ होतो हा तिसरा आरोप वरवर पाहता सर्वांत वजनदार आहे. ‘डस्ट’ म्हणजे धूळ. हेच क्रियापद घरात टेबलाला लावले तर धूळ पुसणे, आणि शेतात पिकाला लावले तर पूड फवारणे. एकाच शब्दाने काढणेही होते आणि घालणेही. ‘सीड’चे तसेच: वाफ्यात ते बी पेरणे असते, द्राक्षांच्या बाबतीत बी काढून टाकणे. ‘स्टोन’ चेरीला लावले तर तिच्यातली आठळी काढायची, माणसाला लावले तर त्याला दगड मारायचे. ‘बटर’ केले की पावाला लोणी लागते, ‘मिल्क’ केले की गाईचे दूध निघते. कागदावर ही यादी भयंकर वाटते. पण प्रत्यक्ष स्वयंपाकघरात आजवर कोणी पावातून लोणी पिळायला बसले नाही. क्रियापदाशेजारी टेबल आहे की पीक, गाय आहे की पाव, एवढे कळले की अर्थ लागतो. ऐकणारा जगाची माहिती घेऊनच वाक्यापाशी येतो आणि इंग्रजी त्या माहितीवर भिस्त ठेवते. क्लार्क द्वयीच्याच लेखातले एक उदाहरण असे की पोऱ्याने पेपर ‘पोर्च’ केला. ‘पोर्च’चे असे क्रियापद आधी कधी न ऐकलेल्या अमेरिकनालाही कळते की पेपर घरापुढच्या ओसरीवर पडला.

गोंधळाचा पुरावा म्हणून ‘द ओल्ड मॅन द बोट’ हे वाक्य नेहमी पुढे केले जाते. वाचणारा ‘म्हातारा माणूस’ असे धरून चालतो आणि वाक्याच्या शेवटी आपटतो. खरे तर इथे ‘ओल्ड’ हे नाम आहे, ‘मॅन’ हे क्रियापद, आणि अर्थ आहे की वृद्ध मंडळी नावेवर काम करतात. पण हे वाक्य वाचकाला मुद्दाम चकवण्यासाठी टेबलाशी बसून रचलेले आहे. तेच वाक्य मोठ्याने म्हणताना माणूस ‘ओल्ड’नंतर किंचित थांबतो आणि कोडे उरत नाही. अडणारी वाक्ये रचता येतात म्हणून भाषा सदोष ठरवायची, तर जगात निर्दोष भाषा सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र शुद्धतावाद्यांच्या पदरात मोकळ्या मनाने टाकली पाहिजे. काही नवी क्रियापदे खरोखरच वाईट असतात. ई. बी. व्हाइट यांनी १९५९ मध्ये ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ या छोट्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढली, तिच्यात ‘कॉन्टॅक्ट’ या क्रियापदावर त्यांचा आक्षेप होता तो असा, की ते मोघम आहे आणि उगाच भाव खाणारे आहे. हा आक्षेप प्रामाणिक आहे. भेटलात, फोन केलात की पत्र लिहिले, ते त्यातून कळत नाही. ‘इम्पॅक्ट’चेही तेच. एखाद्या धोरणाने शेतकऱ्यांना ‘इम्पॅक्ट’ केले असे सरकारी अहवालात आले तर भले झाले की वाटोळे, हे लिहिणाऱ्याने लपवले आहे असे खुशाल म्हणावे. पण त्यात दोष लपवालपवीचा आहे. नामाचे क्रियापद झाले यात काही वावगे नाही. तेच मोघमपण पिढीजात क्रियापदांतही भरपूर सापडते. झेरॉक्स कंपनीने आपल्या नावाचे क्रियापद करू नका म्हणून जाहिराती दिल्या, गुगलनेही असाच हरकतीचा सूर लावला. पण त्यांना भीती होती ती व्यापारचिन्हावरचा हक्क जाण्याची. त्या विनवण्यांना भाषेचा नियम समजण्याचे कारण नाही.

आता आपल्या वर्गाकडे. मराठी शाळेत शब्दांच्या आठ जाती शिकवतात: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही चौकट ग्रीक आणि लॅटिन व्याकरणकारांची. ती इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने आपल्याकडे आली आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाल्यापासूनच्या परंपरेत रुजली. लॅटिनला ती शोभते, कारण लॅटिन शब्दाच्या शेपटीवर त्याची जात गोंदलेली असते. शेपट्या गमावलेल्या इंग्रजीवर ती जशीच्या तशी बसवली, की वर्गात ‘राउंड’ या शब्दाची जात ओळखा असा सुटा प्रश्न पडतो. त्याला उत्तरच नाही. गोल टेबल म्हणताना तो विशेषण आहे, मुष्टियुद्धाच्या फेरीत नाम, मागे वळून पाहताना क्रियाविशेषण. कोपऱ्याला वळसा घालून चालताना शब्दयोगी आणि वळण घेताना क्रियापद. वाक्य दिल्याशिवाय जात विचारणे म्हणजे मुलाला चुकण्यासाठीच प्रश्न घालणे आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यात चुकत आली आहेत. मग हीच मुले मोठेपणी म्हणतात की इंग्रजीला नियमच नाहीत.

मराठी माणसाला हा प्रकार परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. खेळ, नाच, बोल, मार, समज, ओढ हे शब्द नाम आहेत की क्रियापद? ‘खेळ रंगला’ आणि ‘तू खेळ’ यांत ‘खेळ’चे एक अक्षर बदलत नाही. शेतातली अवजारे घ्या. नांगराने नांगरतात, वखराने वखरतात, कुळवाने कुळवतात, खुरप्याने खुरपतात. ‘नांगर आण आणि रान नांगर’ या वाक्यात पहिला ‘नांगर’ नाम आहे, दुसरा आज्ञार्थी क्रियापद. इंग्रजीतही ‘प्लाउ’, ‘हॅरो’, ‘रेक’, ‘हो’ ही शेतीची अवजारे नेमकी अशीच दुहेरी कामाला आहेत. संस्कृतच्या व्याकरणाने तर अशा धातूंना नामधातू हे नाव देऊन त्यांचे प्रत्यय बांधून दिले. पुत्राची इच्छा करणे याला ‘पुत्रीयति’ हे एक रूप पुरते. पाणिनीला जे शास्त्रशुद्ध वाटले, ते इंग्रजीने केले की भ्रष्टाचार कसा होतो?

या सगळ्या वादात मुलांना खरोखर हवे ते शिकवायचे राहून जाते, आणि ते म्हणजे आघात. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘काँट्रॅक्ट’, ‘प्रोड्यूस’, ‘रिबेल’ सगळे याच रांगेतले. शेपट्या गेल्यानंतर इंग्रजीने स्वत:साठी घडवलेली ही नवी खूण आहे, आणि तिची वाढ मोजता येते. पीटर लेव्हिन्स यांच्या १५७० च्या यमककोशात अशा जोड्या फक्त तीन दिसतात: ‘आउटलॉ’, ‘रिबेल’ आणि ‘रेकॉर्ड’. १६६० पर्यंत त्या २४ झाल्या, १७०० पर्यंत ३५, १८०० पर्यंत ७०, आणि १९३४ पर्यंत सुमारे १५०. ऱ्हास होणाऱ्या भाषेत अशी शिस्त वाढत जात नसते. मराठीत आघाताने नामाचे क्रियापद होत नाही, म्हणून आपण दोन्ही ‘रेकॉर्ड’ एकाच सुरात म्हणतो आणि लंडनचा ऐकणारा क्षणभर अडखळतो. पाठ्यपुस्तकात या जोड्यांना फार तर एखादी चौकट मिळते. परीक्षेत त्यांना गुण नसतात, कारण लेखी उत्तरपत्रिकेत आघात ऐकू येत नाही. ‘रिसर्च’ आणि ‘अ‍ॅड्रेस’ यांचा आघात तर अजून ठरायचा आहे. इंग्लंडमध्ये एक, अमेरिकेत दुसरा, आणि कोशांत दोन्ही उच्चार शेजारी-शेजारी छापलेले आहेत.